चंद्रावरच्या रोव्हरसाठी कॉम्प्युटर आणि ग्राउंड स्टेशन कसं निवडतात?

दिवाळीत परतूरला घरी गेलो होतो. लहान भाऊ बारावीला आहे, हातात पंधरा हजारांचा फोन. जेवताना म्हणाला, "दादा, माझ्या फोनमध्ये आठ कोर, आठ जीबी रॅम. आणि नासा मंगळावर दोनशे मेगाहर्ट्झचा डबा पाठवते. एवढे पैसे असून असं का?"

प्रश्न चुकीचा नाही. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या दोन्ही रोव्हरमध्ये रॅड७५० नावाचा प्रोसेसर आहे. वेग २०० मेगाहर्ट्झपर्यंत, रॅम २५६ एमबी, फ्लॅश मेमरी २ जीबी. हा प्रोसेसर १९९८ च्या आयमॅकमध्ये जी चिप होती त्याच घराण्यातला. कागदावर बघितलं तर भावाचा फोन जिंकतो, अगदी सहज.

पण "फोनपेक्षा स्लो" एवढं सांगून थांबणारे व्हिडिओ अर्धीच गोष्ट सांगतात. रोव्हरचा कॉम्प्युटर एकटा निवडता येत नाही. तो कुणाशी बोलणार, किती वेळ बोलणार, उत्तर यायला किती सेकंद लागणार, हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे कॉम्प्युटर आणि जमिनीवरचा अँटेना ही एकाच निर्णयाची दोन टोकं आहेत. आपण आपल्या प्रज्ञानचंच उदाहरण घेऊन हे बघू. त्याआधी थोडं आमच्या शेतात जाऊन येऊ.

विहिरीवरची मोटार

मी पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी घरच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बनवून दिला. आर्डुइनोचा बोर्ड, जीएसएम मॉड्यूल, एक रिले. पप्पांनी मिस्ड कॉल दिला की मोटार सुरू, पुन्हा दिला की बंद. बाजारात तयार मिळतो, पण घरात इंजिनिअर मुलगा असताना विकत कोण आणणार! शेतीची लाइन रात्रीची असायची. पप्पांना बॅटरी घेऊन अंधारात बांधावरून जावं लागायचं, ते वाचावं एवढाच हेतू.

दीड महिना झकास चाललं. मग एका रात्री मोटार सुरू झाली ती बंदच होईना. पप्पांनी दोनदा मिस्ड कॉल दिला, काही कळायला मार्ग नाही. लाइन गेली असेल समजून ते झोपले. सकाळी विहिरीचा तळ दिसत होता आणि मोटारीचं वाइंडिंग जळलेलं. जीएसएम मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, माझा पॉवर सप्लाय तेवढ्या दमाचा नव्हता. व्होल्टेज बसलं, प्रोग्राम अडकला आणि रिले "चालू"वरच राहिला. चूक पूर्ण माझी. पप्पा रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "तुझ्या मशिनला बंद व्हायचं कळत नाही का रे?"

यापेक्षा नेमकी टीका मला ऑफिसातल्या कोणत्याही रिव्ह्यूमध्ये मिळालेली नाही. माझ्या डब्यात तीन गोष्टी नव्हत्या. एक, प्रोग्राम अडकला तर त्याला आपोआप रिस्टार्ट करणारा वॉचडॉग. दोन, गोंधळ झाला की आधी मोटार बंद करायची, हा नियम. तीन, "मी चालू आहे, मोटार एवढा करंट घेतेय" असं परत कळवणारा मेसेज. अवकाशयानांच्या भाषेत दुसऱ्या गोष्टीला सेफ मोड म्हणतात आणि तिसरीला टेलिमेट्री. चंद्रावर पाठवायचा कॉम्प्युटर निवडताना गिगाहर्ट्झच्या आधी या तीन गोष्टी विचारतात. परतूरच्या विहिरीवर निदान सकाळी कुणीतरी जाऊ शकतं. चंद्रावर रिसेटचं बटण दाबायला कुणी जाणार नाही.

फोनची चिप तिथे का चालत नाही, आणि कधी चालते

पृथ्वीभोवती वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र आहे. सूर्याकडून आणि आकाशगंगेतून येणारे वेगवान कण त्यामुळे बरेचसे अडतात. चंद्रावर यातलं काहीच नाही. असा एक कण चिपमधून आरपार गेला तर मेमरीतला एखादा ० चा १ होऊ शकतो. याला बिट-फ्लिप म्हणतात. हे पृथ्वीवरही क्वचित होतं. २००३ मध्ये बेल्जियममधल्या एका निवडणुकीत एका उमेदवाराला मशिनने ४०९६ मतं जास्त दाखवली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, बरोबर एका बिटाचा फरक. कारण शंभर टक्के सिद्ध करता आलं नाही, पण संशय अशाच एका कणावर गेला.

बिट उलटला तर निदान तो दुरुस्त तरी करता येतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. कणामुळे चिपच्या आत शॉर्टसर्किटसारखा रस्ता तयार होतो, करंट वाढत जातो आणि वेळेत वीज तोडली नाही तर चिप जळते. तिसरा प्रकार हळूहळू होतो. महिन्या-वर्षांच्या माऱ्याने चिप आतून झिजत जाते.

म्हणून अवकाशातल्या चिप मुद्दाम जुन्या, जाड्या घडणीच्या असतात. तुमच्या फोनच्या जाहिरातीत ४ नॅनोमीटर, ६ नॅनोमीटर असं लिहिलेलं असतं. रॅड७५० चा आकडा २५० आणि १५० नॅनोमीटरच्या घरातला. एका बिटामागे जितका विद्युतभार जास्त, तितका तो एका कणाने हलणं अवघड. लोटाभर पाणी आणि चमचाभर पाणी यांत कुणाला धक्का लागला तर लवकर सांडेल, तसं. आपल्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबमध्ये १८० नॅनोमीटरवर बनलेली विक्रम ३२०१ ही ३२ बिटची चिप २०२५ मध्ये चर्चेत होती. तिला "स्वदेशी मोबाइल चिप" म्हणणारे फॉरवर्ड मलाही आले होते. ती रॉकेटच्या नियंत्रणासाठी आहे, इस्रोच्या रॉकेटमध्ये २००९ पासून वापरल्या जाणाऱ्या १६ बिटच्या विक्रम १६०१ ची पुढची पिढी. फोनशी तिचा संबंध नाही आणि स्पर्धाही नाही.

चिपच्या जोडीला बाकीची युक्ती असते. मेमरीत दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवतात. त्यावरून एक बिट उलटला तर कुठला उलटला ते कळतं आणि तो सरळ करता येतो. दोन उलटले तर निदान "इथे गडबड आहे" एवढं समजतं. काही ठिकाणी एकच हिशेब तीन सर्किटांकडून करून घेतात आणि दोघांचं जुळेल ते खरं धरतात. आणि पूर्ण कॉम्प्युटरच दोन ठेवतात. क्युरिऑसिटीत ए आणि बी असे दोन सारखे कॉम्प्युटर आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये ए बाजूच्या फ्लॅश मेमरीत बिघाड झाला तेव्हा रोव्हर बी वर नेला. पहिलाच कॉम्प्युटर दुप्पट वेगाचा घेऊन हा प्रश्न सुटला नसता.

आता भावाच्या बाजूने एक मुद्दा. फोनची चिप दुसऱ्या ग्रहावर चालली आहे! मंगळावरचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर आठवतंय? त्यात क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८०१ होता. २०१४ च्या सुमाराच्या फोनमध्ये असायचा तोच, आणि त्यावर लिनक्स. १९ एप्रिल २०२१ ला ते पहिल्यांदा उडालं. महिनाभरात पाच उड्डाणं झाली तरी पुष्कळ, असा अंदाज होता. जानेवारी २०२४ पर्यंत ७२ झाली.

पण हेलिकॉप्टरचा तोल फक्त त्या चिपच्या भरवशावर सोडलेला नव्हता. कॅमेऱ्याचे फोटो बघून आपण कुठे आहोत हे ठरवण्याचं भारी काम स्नॅपड्रॅगनकडे. पंख्यांवरचं सेकंदा-सेकंदाचं नियंत्रण गाड्यांच्या सुरक्षेसाठी बनणाऱ्या दोन मायक्रोकंट्रोलरकडे, आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला आणखी एक चिप. म्हणजे हुशार पण बेभरवशाचा पोरगा, दोन शिस्तीचे पोरगे आणि वर एक मुकादम. शिवाय वजन जेमतेम १.८ किलो आणि ती एक प्रयोगाची उडी होती. ते पडलं असतं तरी मुख्य रोव्हर सुरक्षित राहिला असता. बाजारातली चिप घ्यायची की नाही, हे त्या यंत्राच्या पडण्याने किती बुडणार यावर ठरतं. माझ्या मते हा सगळ्यात प्रामाणिक निकष आहे. कॉलेजमधले रोव्हर क्लब मात्र यादीची सुरुवात प्रोसेसरच्या नावापासून करतात. आम्हीही केली होती.

सॉफ्टवेअरचं दुखणं वेगळंच. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरून तीन आठवडेही झाले नव्हते तोच स्पिरिट रोव्हर गप्प झाला. नंतर कळलं की तो पुन्हा पुन्हा रिबूट होतोय, साठाहून जास्त वेळा. कारण ऐकून तुम्हाला घरच्या फोनची आठवण येईल. फ्लॅश मेमरीत प्रवासातल्या जुन्या फायली साठत गेल्या होत्या, त्या फायलींची यादी उघडायलाच रॅम अपुरी पडत होती. गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेला काकांचा फोन जसा मान टाकतो, अगदी तसंच. फरक एवढाच की स्पिरिट वाचला, कारण "फ्लॅशला हात न लावता चालू हो" अशी एक कमांड त्यात आधीच ठेवलेली होती. इंजिनिअरांनी ती पाठवली, जुन्या फायली काढल्या, आणि रोव्हर पुढे काही वर्षं चालला. कॉम्प्युटर निवडताना हा आडदरवाजा आहे का, ते बघायचं.

प्रज्ञानचं डोकं कुठे होतं?

चांद्रयान-३ चं लँडिंग झालं २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा, सहा चाकांचा, आणि त्याच्या सोलर पॅनलची क्षमता ५० वॉट. ५० वॉट! आज अनेकांच्या बॅगेत ६७ वॉटचा चार्जर असतो. त्या ५० वॉटमध्ये चाकं, कॅमेरे, मातीची तपासणी करणारी दोन उपकरणं, रेडिओ आणि कॉम्प्युटर, सगळं भागवायचं. हवा नसल्यामुळे पंखा लावून चिप गार करता येत नाही. विक्रम लँडरवरच्या चास्टे या उपकरणाने मोजलं तेव्हा दिवसा जमिनीचा वरचा थर ५० अंश सेल्सिअसच्या वर होता आणि अवघं ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास. अशा जागी गरम होणारा मोठा प्रोसेसर म्हणजे आपणच आपल्या गळ्यात बांधलेला दगड.

मग विचार कुणी करायचा? इथे अंतर कामाला येतं. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर. सिग्नल जायला सव्वा सेकंद, उत्तर धरून अडीच सेकंद. मंगळाला एका बाजूनेच काही मिनिटं लागतात, कधी वीसच्याही वर. म्हणून मंगळावरच्या रोव्हरला स्वतःचं थोडंफार डोकं लागतं, आणि चंद्रावरच्या रोव्हरचं डोकं चक्क पृथ्वीवर ठेवता येतं. १९७० मध्ये सोव्हिएत संघाने लुनोखोद-१ हा रोव्हर असाच चालवला होता, क्रिमियात बसलेल्या पाच जणांच्या टीमने, टीव्हीवर चित्रं बघत.

प्रज्ञानच्या बाबतीत पद्धत अशी होती. रोव्हरच्या पुढच्या दोन कॅमेऱ्यांचे फोटो लँडरकडे जायचे, लँडरकडून पृथ्वीवर. बंगळुरूमध्ये त्या जोडफोटोंवरून समोरच्या जमिनीचा उंच-सखल नकाशा तयार व्हायचा. माणसं तो बघून रस्ता ठरवायची आणि कमांड परत जायची. कॅमेऱ्यांवरून साधारण पाच मीटरपर्यंतचाच नकाशा नीट बनायचा, त्यामुळे एका वेळची चाल जास्तीत जास्त तेवढीच. आणि एक चाल संपून दुसरी सुरू व्हायला सुमारे पाच तास. वेग ऐकून हसू येईल, सेकंदाला एक सेंटिमीटर. दहा दिवसांत शंभर मीटरहून थोडं जास्त.

पण हा संथपणा किती उपयोगी होता ते २७ ऑगस्टला दिसलं. प्रज्ञानसमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला. फोटो खाली आले, टीमने बघितले, मागे फिरण्याची कमांड गेली. पुढच्या फोटोत रोव्हरच्या चाकांच्या माघारी फिरलेल्या खुणा दिसतात. वेळ होता म्हणून घाई नव्हती, आणि घाई नव्हती म्हणून मोठ्या कॉम्प्युटरवाचून अडलं नाही.

याच मोहिमेत उलटं उदाहरणही आहे. लँडिंगच्या शेवटच्या १९ मिनिटांत अडीच सेकंदही जास्तच होते. यान सेकंदाला १.६ किलोमीटर वेगाने धावत असताना बंगळुरूहून "जरा डावीकडे" सांगण्यात अर्थ नव्हता. तिथे उंची मोजणं, वेग मोजणं, खाली खड्डा आहे का बघणं, सगळं विक्रम लँडरच्या कॉम्प्युटरने स्वतः केलं. म्हणजे एकाच मोहिमेत लँडरला स्वतः निर्णय घेणारं डोकं आणि रोव्हरला सांगितलेलं नीट ऐकणारं डोकं. सगळीकडे सगळ्यात भारी चिप लावण्याचा हट्ट इथे बसत नाही.

आता जमिनीवरची बाजू

प्रज्ञान थेट पृथ्वीशी बोलत नव्हता. तो फक्त लँडरशी बोलायचा आणि लँडर पुढे निरोप द्यायचा. घरातल्या फोनने वायफायवरून राउटरशी बोलावं आणि पुढची जबाबदारी राउटरने घ्यावी, तसं. याचं कारण साधं आहे. चार लाख किलोमीटरवर आवाज पोचवायला ताकदीचा ट्रान्समीटर आणि नेमका रोखलेला अँटेना लागतो. तो २६ किलोच्या, ५० वॉटच्या, खडबडीत जमिनीवर हेलकावे खाणाऱ्या रोव्हरवर लादायचा, की १,७०० किलोच्या घरातल्या स्थिर लँडरवर? त्यात दक्षिण ध्रुवाजवळ, जिथे विक्रम उतरला तिथून, पृथ्वी क्षितिजापासून साधारण १७ अंशच वर दिसते. मध्ये एखादा उंचवटा आला की बुटक्या रोव्हरची लाइन तुटणार. लँडरसाठी एक जादा वाटही ठेवली होती. २०१९ पासून चंद्राभोवती फिरणारा चांद्रयान-२ चा ऑर्बिटर. लँडर थेट पोचू शकला नाही तर निरोप त्याच्याकडून.

पृथ्वीवर हा निरोप ऐकणारं मुख्य ठिकाण ब्यालालू, बंगळुरूपासून सुमारे ४० किलोमीटरवर, रामनगरजवळ. इथे ३२ मीटर आणि १८ मीटर व्यासाचे मोठे अँटेना आहेत. चांद्रयान-१ च्या वेळी, २००८ मध्ये हे केंद्र उभं राहिलं. ३२ मीटरचा अँटेना भारतातच बनला, हैदराबादच्या ईसीआयएलने बांधला आणि त्यात आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचाही हात आहे.

एवढा मोठा कशाला? गच्चीवरच्या डिश टीव्हीचा विचार करा. त्याचा सॅटेलाइट ३६,००० किलोमीटरवर. चंद्र त्याच्या जवळपास अकरा पट दूर. अंतर अकरा पट झालं की सिग्नल अकरा पट नाही, अकरा गुणिले अकरा, म्हणजे सव्वाशेच्या आसपास पट कमजोर होतो. वर टीव्हीचा सॅटेलाइट भरपूर वीज घेऊन ओरडत असतो, लँडर बिचारा काटकसरीत. ही तूट खाली थाळीचा आकार वाढवून भरून काढायची. ६० सेंटिमीटरच्या डिशपेक्षा ३२ मीटरच्या थाळीचं क्षेत्रफळ २,८०० पटींहून जास्त आहे.

मोठ्या थाळीचा तोटाही आहे. ती जितकी मोठी तितकी तिची नजर अरुंद. ८ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या एक्स-बँडमध्ये ३२ मीटरच्या अँटेनाची नजर अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. आपल्याला पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे हा अँटेना "चंद्राकडे" रोखून भागत नाही, चंद्रावरच्या नेमक्या भागाकडे रोखावा लागतो, आणि पृथ्वी फिरते तसं न अडखळता वळवत राहावं लागतं.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट बघतात, शांतता. ब्यालालू बशीसारख्या खोलगट भागात आहे, आजूबाजूच्या टेकड्या शहरातला रेडिओचा गोंगाट अडवतात. परतूरसारख्या गावातही आता प्रत्येकाच्या खिशात ट्रान्समीटर आहे. चंद्रावरून येणारी कुजबुज ऐकायची तर टॉवरपासून लांबच बसायला हवं.

चंद्र मावळला की काय?

चंद्रावरून बघितलं तर पृथ्वी आकाशात जवळपास एकाच जागी लटकलेली दिसते, ती मावळत नाही. अडचण आपल्या बाजूची. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ब्यालालूला चंद्र दिवसातले साधारण ११-१२ तासच दिसतो. उरलेल्या वेळी लँडर बोलला तर ऐकणार कोण?

एक उपाय म्हणजे जगभर केंद्रं. नासाची तीन आहेत: कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा. साधारण १२० अंशांच्या अंतराने, म्हणजे एकाच्या क्षितिजाखाली यान गेलं की दुसऱ्याला दिसतं. चांद्रयान-३ ला नासाच्या या केंद्रांची मदत होती आणि युरोपच्या ईसाचीही: फ्रेंच गयानातलं कुरू, इंग्लंडमधलं गूनहिली, ऑस्ट्रेलियातलं न्यू नॉर्शिया. काही जणांना हे ऐकून वाईट वाटतं, "मग आपलं काय?" असं. मला त्यात कमीपणा दिसत नाही. वर्षातून काही आठवडे लागणाऱ्या कामासाठी तीन खंडांवर थाळ्या उभारण्यापेक्षा तास वाटून घेणं शहाणपणाचं. आपण जसं सगळीकडे स्वतःचा टॉवर न उभारता रोमिंगवर जातो, तसंच.

दुसरा उपाय, महत्त्वाचं काम आपल्या वेळेत बसवणं. २३ ऑगस्ट २०२३ ची तिथी होती श्रावण शुद्ध सप्तमी. सप्तमी-अष्टमीचा चंद्र दुपारी उगवतो, संध्याकाळी सहाच्या सुमारास आकाशात सगळ्यात वर असतो आणि मध्यरात्रीकडे मावळतो. तारीख ठरली ती उतरायच्या जागी सूर्य उगवण्यावरून, कारण सगळं सोलरवर. पण त्या दिवशीची सहाची वेळ ब्यालालूसाठी सोन्यासारखी होती. त्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात पावसाने दडीच मारली होती. मी रजेवर परतूरला होतो. मोबाइलवर लँडिंग बघता बघता अंगणात आलो, तर दक्षिणेच्या स्वच्छ आकाशात दिवसाउजेडी अर्धा चंद्र दिसत होता. पीक वाळत असल्याने घरात कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं, तरी सगळे बाहेर येऊन उभे राहिले.

खोडदची थाळी का चालली नाही, आणि एकदा कशी चालली

इथे महाराष्ट्रातला वाचक विचारणारच: आपल्याकडे जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे की! ४५ मीटरच्या एक-दोन नाही, तीस थाळ्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ब्यालालूपेक्षा मोठ्या. मग चांद्रयानाला त्या का नाही वापरल्या?

दोन कारणं. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिला फक्त ऐकता येतं. कमांड पाठवता येत नाही. दुसरं, तिच्या थाळ्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत, वजन आणि खर्च वाचवायला. साधारण १.४ गिगाहर्ट्झपर्यंतच्या लांब लहरींना ती जाळी आरशासारखी वाटते. यानांच्या २ आणि ८ गिगाहर्ट्झच्या आखूड लहरींसाठी ती घडवलेलीच नाही. चाळणीने ज्वारी अडते, पीठ खाली पडतं. ग्राउंड स्टेशन निवडताना म्हणूनच व्यासाच्या आधी दोन प्रश्न: कुठल्या फ्रिक्वेन्सीला चालतं, आणि बोलता येतं का?

पण १९ ऑक्टोबर २०१६ ला याच खोडदने एक अवघड काम केलं. युरोपचं शियापरेली हे छोटं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा रेडिओ ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, मंगळाभोवतीच्या यानांशी बोलण्यापुरता. पण ती फ्रिक्वेन्सी जीएमआरटीच्या बरोबर टप्प्यात. नासाच्या जेपीएलच्या टीमने खोडदला जादा उपकरण बसवलं आणि कोट्यवधी किलोमीटरवरून आलेला तो क्षीण सिग्नल इथे पकडला गेला. यान वातावरणात शिरताना, पॅराशूट उघडताना ऐकू आलं. मग उतरायच्या ठरल्या वेळेच्या मिनिटभर आधी सिग्नल थांबला.

नंतरच्या चौकशीत काय निघालं ते ऐका. पॅराशूट उघडल्यावर यान जोरात गरगरलं. फिरण्याचा वेग मोजणारं सेन्सर सुमारे एक सेकंद कमाल आकड्यावर अडकलं. कॉम्प्युटरने तो आकडा खरा मानून हिशेब केला आणि उत्तर आलं: आपण जमिनीच्याही खाली आहोत. प्रत्यक्षात उंची ३.७ किलोमीटरच्या आसपास होती. कॉम्प्युटरने पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं तीनच सेकंद चालवून बंद केली. यान दगडासारखं पडलं.

त्या कॉम्प्युटरमध्ये कण शिरला नव्हता, तो हँगही झाला नव्हता, स्लोही नव्हता. त्याने दिलेलं गणित अचूक सोडवलं. "उंची उणे कशी असेल?" हे विचारायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये जपानी खासगी कंपनी आयस्पेसचं हाकुतो-आर चंद्रावर पडलं, तेव्हा घोटाळा याच्या उलटा झाला. एका मोठ्या विवराच्या कडेवरून जाताना उंची अचानक वाढली. सेन्सर खरं सांगत होता, सॉफ्टवेअरने त्याला बिघडलेला ठरवून दुर्लक्ष केलं, आणि यान पाच किलोमीटर वर असताना "आलो जमिनीवर" असं समजून बसलं. सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवला तर शियापरेली, आंधळा अविश्वास ठेवला तर हाकुतो. हार्डवेअर कितीही भारी घ्या, हे ठरवायचं काम माणसाकडेच राहतं, आणि उड्डाणाच्या आधी.

रात्र

चंद्रावरचा दिवस आपल्या साधारण १४ दिवसांचा, रात्रही तेवढीच. २ सप्टेंबर २०२३ ला प्रज्ञानला झोपवलं. बॅटरी पूर्ण चार्ज, सोलर पॅनल पुढच्या सूर्योदयाच्या दिशेला, रिसीव्हर चालू. दोन दिवसांनी विक्रमला. रात्री तिथलं तापमान उणे शंभराच्याही बरंच खाली जातं. चीनचे युटू रोव्हर अशा रात्री किरणोत्सारी पदार्थाच्या उबेवर काढतात. प्रज्ञानमध्ये ती सोय नव्हती, कारण मोहीमच एका दिवसाची आखली होती. सूर्य उगवल्यावर २२ सप्टेंबरपासून इस्रोने हाका मारून बघितल्या. उत्तर आलं नाही.

पुढचा रोव्हर मात्र एवढा हलका नसेल. जपानच्या जाक्साबरोबरच्या चांद्रयान-५ मोहिमेला सरकारची मंजुरी मिळाल्याचं इस्रोच्या अध्यक्षांनी मार्च २०२५ मध्ये सांगितलं, आणि त्यातला रोव्हर सुमारे २५० किलोचा असेल असंही. प्रज्ञानच्या दसपट. लँडर इस्रोचा, रोव्हर जपानचा. भावाला हे सांगितल्यावर त्याने लगेच विचारलं, "मग त्यात कोणता प्रोसेसर?" मी म्हटलं, आधी विचार की तो रात्र कशी काढणार आणि लँडरपासून लांब गेल्यावर कुणाशी बोलणार.

तेवढ्यात पप्पांनी बाहेरून हाक मारली. नव्या स्टार्टरचा मेसेज आला होता: लाइन आली, मोटार बंद आहे, चालू करू का?